पहिलं ताट

राजशेखर बिराजदारचं बळ अठरावर गेलं, तेव्हा त्याने ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. हे बळ त्याच्या दंडातलं नव्हतं. रविवारच्या खेळात तो वीरभान नावाच्या तलवारबाजाचं पात्र घ्यायचा, त्या वीरभानाचं होतं. पण राजशेखरच्या लेखी त्यात फारसा फरक नव्हता. सोलापूरच्या होटगी रस्त्यावर त्याचं ट्रॅक्टरचं शोरूम होतं, आवाज मोठा होता, मनही मोठं होतं, आणि आता वीरभान अठराचा झाल्यावर तर विचारूच नका.

"संयू, याच्या वर आकडाच नाही ना?" त्याने बायकोला विचारलं.

"नाही. तीन फाशांची बेरीज अठराच्या पुढे जाते कुठे?" संयोगिता म्हणाली.

"आणि मावशी, तुमचं?"

डॉक्टर लक्ष्मी येमूल यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि टेबलावर आकडे दाखवणाऱ्या काचेत डोकावून पाहिलं. मावशी सोलापुरातल्या जुन्या दंतवैद्य. अर्ध्या शहराच्या अक्कलदाढा त्यांनी काढल्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्याला ब्रश कसा धरायचा यावरून झापलं होतं.

"चार. मागच्या वेळी पाच होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या पात्राला, गोदीला आता साधी घागर उचलायची तर दोन माणसं लागतील."

"मग पहिलं ताट तुमचं," राजशेखर म्हणाला आणि गरम शेंगापोळीचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

ही त्या टेबलाची रीत होती. ज्याचा आकडा उतरेल त्याला पहिलं ताट. बिचाऱ्याचं नुकसान झालं, निदान पोळी तरी गरम मिळू दे, एवढाच त्यामागचा हिशेब. दिवाळीपासून पहिलं ताट जवळजवळ दर रविवारी मावशींकडेच जात होतं, आणि आता त्याची गंमत कुणालाच वाटेनाशी झाली होती.

हा खेळ ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. चारपाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगायला लागतो: समोर भुयार आहे, आत अंधार आहे, कुणीतरी घोरतंय. बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या तोंडून सांगायचं, आम्ही काय करतो. पात्राला सहा गुण असतात: बळ, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. पूर्वी हे गुण फासे टाकून ठरत. एकाला सगळं भरभरून मिळे, दुसरा वर्षभर लंगडं पात्र ओढत बसे. मग लोकांनी सगळ्यांना सारखे गुण वाटायला सुरुवात केली. तेही फसलं. लढाईच्या गोष्टीत बळाचा एक गुण सोन्याचा, दरबाराच्या गोष्टीत तोच मातीमोल. सारखं वाटलं म्हणजे सारखं मिळालं असं नसतं, हे ज्याच्या घरात दोन भावंडं आहेत त्याला सांगायला नको.

संयोगिता गणित शिकवायची आणि रविवारी सूत्रधार व्हायची. या कोड्याने तिला झपाटलं होतं. बरीच वर्षं घालून तिने एक यंत्र बनवलं, पानाच्या डब्याएवढं. त्याचं नाव तराजू. तराजू टेबलावर बसून सगळा खेळ ऐकायचा आणि खेळ संपला की तोच डाव स्वतःशी हजारो वेळा पुन्हा खेळायचा, दर वेळी एका भिडूला वगळून. त्या भिडूच्या जागी तो छापा-काटा करणारं नाणं बसवायचा. उजवीकडे जायचं की डावीकडे? नाणं टाका. नाण्यामुळे गोष्ट जेवढी बिघडली तेवढा त्या भिडूचा भार. भार जास्त असेल तर पुढच्या रविवारी त्याचे गुण थोडे उतरवायचे, कमी असेल तर चढवायचे. असं करत करत सगळ्यांचे भार सारखे झाले की प्रत्येकाला गोष्टीत सारखा हक्क मिळाला. कल्पना अशी देखणी होती की संयोगिताच्या विभागातले खडूस सरसुद्धा दोन दिवस तिच्याशी नीट बोलले.

पण मावशींचे आकडे उतरायचे थांबेनात. संयोगिताने कारण शोधलं आणि ते तिला लगेच सापडलंही. मावशींची गोदी ही मशाल धरणारी होती. भुयारात मशाल नसेल तर तलवार काय कामाची आणि मंत्र तरी काय कामाचे?

"दोष तुमचा नाही मावशी, मशालीचा आहे. तराजू मशालीचा भार तुमच्या नावावर धरतोय," ती म्हणाली.

"आणि माझे अठरा?" राजशेखरने विचारलं.

"या गोष्टीत लढाया कमी आहेत. तलवारीला काम नाही, म्हणून तो तुला चढवून देतोय."

सगळ्यांना ते पटलं. तिने मशाल काढून अर्शद मुजावरच्या मांत्रिकाच्या हाती दिली. अर्शद हा राजशेखरचा कर सल्लागार, तिशीतला, अबोल माणूस. त्याच्या तोंडून सबंध वाक्य काढायचं म्हणजे अडकलेली बरणी उघडण्यासारखं होतं. त्याने मान डोलावून मशाल घेतली.

पुढच्या रविवारी मावशींचे सहाही गुण तीनवर आले. तीनच्या खाली आकडा नसतो.

त्या दिवशी पहिलं ताट मावशींनी घेतलंच नाही. हात धुऊन त्या संयोगिताला स्वयंपाकघरात गाठून म्हणाल्या, "पुढच्या रविवारी तुझी ती पुण्याची मंडळी येणार ना, यंत्र बघायला?"

"हो."

"मग मी येत नाही. माझं पात्र बघून त्यांना वाटेल, हे यंत्र म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर उठलंय. आणि खरं सांगू? त्यानंतरही नको. मशाल गेली, आकडे गेले. गोदीने आता करायचं काय? तुमच्या मागे मागे फिरायचं? मला वाईट वाटतं गं."

संयोगिताने राहा म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण पुण्याची खेळकंपनी यंत्र गावोगावच्या क्लबांत नेणार होती आणि ते तीन-तीनचे आकडे पाहुण्यांसमोर तिला नकोच होते. ती म्हणाली, "तुम्हाला बरं वाटेल तसं करा, मावशी." मावशींनी पर्स उचलली आणि निघाल्या. घरात अचानक मोकळं मोकळं वाटलं, आणि तसं वाटल्याची संयोगिताला लाजही वाटली.

कंपनीकडून मैथिली नवाथे नावाच्या बाई आल्या. हुशार, हसऱ्या, कमी बोलणाऱ्या. बाहेर उन्हाने खिडक्यांच्या काचा आपोआप काळ्या पडल्या होत्या आणि आत टेबल सजलं होतं. आकडे तर दृष्ट लागावी असे. वीरभान सगळीकडे सतरा-अठरा. मांत्रिकाची बुद्धी सोळा, हातात मशाल. संयोगिता गोष्ट सांगू लागली. तळ्याखालचा गड, दगडी दार, दारावर एक चेहरा कोरलेला, चेहऱ्याचे डोळे मिटलेले.

"मी दार फोडतो," वीरभान म्हणाला.

"दार फुटलं. आत आणखी एक दार आहे."

"तेही फोडतो."

"अर्शद?"

"चालेल," अर्शद म्हणाला.

तिसरं दार फोडल्यावर तळ्याचं पाणी आत घुसलं आणि दोघंही बुडाले. चहा अजून गरम होता. त्या चेहऱ्याचे डोळे का मिटलेत, तो कुणाचा आहे, हे कुणी विचारलंच नाही. त्या चेहऱ्यावर संयोगिताने सबंध आठवडा खर्च केला होता.

जेवताना मैथिली म्हणाल्या, "मॅडम, गणित सुंदर आहे. आजचा खेळ जरा लवकर आटपला, पण असं होतं कधीकधी. मी जुन्या डावांचे आकडे पाहिले. एका बाईंचे सगळे गुण तीनच दिसतात."

"त्या आता खेळत नाहीत."

"लोकांना तीन आवडत नाही. खाली आठचा तळ घाला, म्हणजे कुणीच त्याखाली जाणार नाही. वर अठरा राहू द्या, अठरा सगळ्यांना आवडतो. एवढं केलंत तर आम्ही घेतोच."

राजशेखर खूश झाला. त्याने पाहुण्यांना आणखी एक पोळी वाढली. तळ घालणं तसं सोपंच होतं. मावशींना फोन करता आला असता, या, तुमचे आठ झालेत. सगळं सुरळीत झालं असतं. पण आठचा तळ घातला की उरलेला भार कुठेतरी चुकीचा दिसणार, आणि चूक झाकून ठेवायची सवय संयोगिताला नव्हती. पाहुण्या गेल्यावर ती तराजू घेऊन बसली.

आतापर्यंत तराजू भिडू आणि पात्र दोघांना एकदमच वगळत होता. माणसं माणसांसारखीच असतात, फरक असेल तो पात्रांच्या गुणांत, असं तिने सुरुवातीलाच धरून टाकलं होतं. आता तिने दोघांना वेगळं काढलं. दिवाळीपासूनचे सगळे डाव घेतले आणि सांगितलं: गोदी राहू दे, मशाल राहू दे, फक्त मावशींच्या जागी नाणं बसव. डाव कोसळले. मग उलट केलं: मावशी राहू देत, गोदीची मशाल काढ, बळ काढ, सगळं काढ. डाव तसेच उभे राहिले.

म्हणजे मशालीचा काही संबंध नव्हता. मावशी नेमकं करत होत्या तरी काय, म्हणून तिने तराजूने साठवलेली ध्वनिमुद्रणं लावली. मावशी फार काही करत नव्हत्या. गोदी कुणाला मारत नव्हती, कुठलं कोडं सोडवत नव्हती. ती म्हणायची, "मला बाई काही दिसत नाही. अर्शद, तुला काय दिसतंय?" आणि अर्शद, ज्याच्या तोंडाला एरवी कुलूप, तो सांगू लागायचा. मग ती म्हणायची, "हे अर्शदचं खरं असेल तर राजूची तलवार कुठे लागेल?" आणि राजशेखरला एकदम काहीतरी सुचायचं. एका डावात अर्शद चक्क राक्षसाशी भांडून त्याला रडवतो, हे ऐकताना संयोगिता एकटीच हसली. मावशींनी आधी फक्त एवढंच विचारलं होतं, की तुझा मांत्रिक आज गप्प का?

माणसांना तोंड उघडायला लावणं हा त्या बाईचा जन्मभराचा धंदा. तो धंदा त्यांनी इतक्या हलक्या हाताने टेबलावर आणला होता की टेबलावरच्या एकाही माणसाला त्याचा पत्ता लागला नाही. पत्ता लागला तो पानाच्या डब्याएवढ्या यंत्राला, आणि त्याच्याकडे सांगायला फक्त आकडे होते. त्याने ते इमानाने सांगितले. एका पारड्यात ही बाई, तर दुसऱ्या पारड्यातल्या लोकांना अठरा-अठरा दिल्याशिवाय काटा जागेवर येत नाही, असं तो दर रविवारी सांगत होता. संयोगिताने कपाळाला हात लावला. आपण ज्या बाईला "तुम्हाला बरं वाटेल तसं करा" म्हणून वाटेला लावलं, तिच्याबद्दल तिला इतका आदर वाटला की तिने ते ध्वनिमुद्रण मागे नेऊन पुन्हा लावलं.

"माझं पण काढलंस का वेगळं?" मागून राजशेखर म्हणाला. तो केव्हापासून दारात उभा होता कोण जाणे.

"राहू दे ना."

"काढ."

खोटं बोलावं असं तिला वाटलं. पण तराजूने आकडा आधीच काचेवर दाखवला होता. राजशेखरच्या जागी नाणं बसवलं तर डाव जेमतेम बोटभर हलत होता.

"म्हणजे अठरा हे बक्षीस नव्हतं," तो सावकाश म्हणाला.

"नव्हतं."

"मी नसलो तरी चालतं."

तिने काच पालथी करून ठेवली.

"हे फक्त खेळात ना, संयू?"

आता इथे पटकन हो म्हणायला काय जात होतं? पण तिला शोरूममधली ती चार पोरं आठवली, जी त्याच्यापुढे "चालेल साहेब" एवढंच म्हणत. घरातले कितीतरी बेत आठवले, जे त्याने दार फोडावं तसे एकट्याने ठरवले होते आणि तिने मान डोलावली होती. उत्तराला उशीर झाला. राजशेखर तेवढ्यात वळून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती मावशींच्या दवाखान्यात गेली. खुर्चीत एक धिप्पाड फौजदार दात गच्च आवळून बसले होते. समोरच्या पडद्यावर त्यांचा जबडा मुळांपर्यंत स्वच्छ दिसत होता, तरी मावशी म्हणत होत्या, "मला काही नीट कळत नाहीये साहेब. कुठे दुखतं ते तुम्हीच दाखवा बरं." साहेबांनी तोंड उघडलं.

ते गेल्यावर संयोगिताने सगळं सांगितलं. मशालीची चूक, नाणं, पारडं, आठचा तळ. शेवटी म्हणाली, "मावशी, मी तुम्हाला राहा म्हणायला हवं होतं. माझं चुकलं."

मावशींनी हातमोजे काढले. "म्हणजे तीन म्हणजे वाईट नव्हे?"

"तीनच्या खाली आकडा असता तर तुम्ही तिथे असता."

"अगं बाई. आणि मी गोदीसाठी रडले गं दोन दिवस." मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "राजूला सांगितलंस?"

"सांगितलं."

"जेवला का तो?"

"अर्धी भाकरी."

"मग फार लागलंय त्याला. मी येते रविवारी. पण तो आठचा तळ की काय, तो घालू नकोस. माझे तीन मला हवेत. कमावलेत मी ते."

संयोगिताने त्याच संध्याकाळी पुण्याला कळवलं, तळ घालणार नाही. मैथिलीबाईंनी गोड शब्दांत लिहिलं की मग आम्हाला जमणार नाही. एवढ्या वर्षांच्या कष्टांवर पाणी पडलं आणि संयोगिताला वाईट वाटलं. वाटायचंच. पण झोप छान लागली.

रविवारी मावशी आल्या, अर्शद आला. राजशेखर मात्र अंगणात गाडीचं बोनेट उघडून बसला. गाडीला काही झालं नव्हतं. संयोगिता बोलवायला उठली तशी मावशींनी तिला खाली बसवलं आणि खेळ सुरू करायला सांगितलं. तळ्याखालचा गड, दगडी दार, मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा.

"अर्शद, तुला काय दिसतं?" गोदीने विचारलं.

"हा चेहरा झोपलेला नाही," अर्शद म्हणाला. "त्याने मुद्दाम डोळे मिटलेत. त्याला काहीतरी बघायचं नाहीये."

"काय बरं बघायचं नसेल?" मावशींनी आवाज अंगणापर्यंत जाईल एवढा चढवला. "तलवारवाल्या माणसाला काय वाटतं? आम्हाला तर सुचत नाही बुवा."

बोनेट खाली पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने राजशेखर दारात आला. हात काळे, तोंड वाकडं. "तलवारच बघायची नसेल त्याला," तो म्हणाला. "वीरभान तलवार बाहेर ठेवतो. पुढचं मला ठाऊक नाही." त्याने खुर्ची ओढली, आणि मग कुणीतरी जबरदस्तीने बोलायला लावावं तसा म्हणाला, "अर्शद, तुला काय वाटतं?"

पहिले काही रविवार त्याचं हे विचारणं ऐकवत नव्हतं. तो अर्शदला प्रश्न विचारायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचा. मग ध्यानात आलं की जीभ चावायचा. मावशी हसू दाबायच्या. शोरूममध्येही त्याने तोच प्रयोग केला, तेव्हा पोरं इतकी घाबरली की मालक दुकान विकतोय अशी आवई उठली.

इकडे तराजू मात्र कंपनीवाचून चालू लागला. आधी शहरातल्या एका क्लबने तो मागून नेला, मग कोल्हापूरच्या, मग बेळगावच्या. हळूहळू लोक आकडे उलटे वाचायला शिकले. अठरावाले मूग गिळून बसू लागले आणि चारपाचवाल्यांना नव्या टेबलांची बोलावणी यायला लागली. आकडा उतरावा म्हणून काहींनी मदतीचं नाटकही केलं, पण नाटकी मदत काढून घेतली तर काहीच बिघडत नाही, आणि तराजूला तेवढंच कळतं. एका बड्या कचेरीने तो नोकरांवर लावायला मागितला. संयोगिताने साफ नकार दिला. खेळात माणूस आकडा हसून घेतो, पोटापाण्यावर आला की तोच आकडा फास होतो, असं ती म्हणायची. पहिल्या ताटाची रीत मात्र सगळीकडे गेली, आणि आता ते ताट समजूत घालायला नव्हे, मान म्हणून दिलं जाऊ लागलं.

दिवाळी पुन्हा जवळ आली होती. सकाळची कामं उरकून सगळे टेबलाशी बसले, तराजूने आठवड्याचे नवे आकडे काचेवर टाकले, आणि अर्शद, जो आता आपणहून बोलायचा, म्हणाला, "वहिनी, हे बघा."

वीरभान. बळ सतरा.

राजशेखरने काच जवळ ओढली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि पुन्हा पाहिली. सतराच होतं. गल्लीभर जाणारा त्याचा आवाज त्या दिवशी टेबलापुरताच निघाला. "एकच उतरलाय," तो म्हणाला.

"एक उतरवायला मला सबंध जन्म लागला," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः उठून तव्यावरची शेंगापोळी ताटात घेतली, वर तूप सोडलं आणि ताट त्याच्यापुढे ठेवलं. "घे बाबा. गरम आहे तोवर खा."

राजशेखरने ताट हातात घेतलं. वर्षभर त्याने हे ताट दुसऱ्यांकडे सरकवलं होतं, हातात पहिल्यांदाच आलं. पोळीचा एक तुकडा मोडलाही. मग त्याने वर पाहिलं आणि टेबलाच्या टोकाला, सूत्रधाराच्या खुर्चीत बसलेल्या बायकोला विचारलं, "संयू, तू सकाळपासून काही खाल्लंस का?"

तिने खाल्लं नव्हतं. हे त्याने याआधी कधी विचारलंही नव्हतं. त्याने उठून ताट तिच्यापुढे ठेवलं आणि तिथेच, तिच्या खुर्चीशी उभा राहिला.

"तू मला एकदा विचारलं होतंस," ती म्हणाली. "नसलास तरी चालतं, ते फक्त खेळात ना, असं."

"तू उत्तर दिलं नव्हतंस."

"आता देते," संयोगिता म्हणाली आणि पोळीचा अर्धा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "खेळातही चालत नाही."